तेजोमेघाच्या नकाशावरील रेघा: प्रकाशाची वाट की चुंबकीय क्षेत्र?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘शृंगाश्व तारकासमूहातील आर मोनोसेरोटिस या नवजात ताऱ्याच्या तेजोमेघाचा अवरक्त ध्रुवीकरणाचा नकाशा पाहिला. बहुतेक ठिकाणी आखूड रेघांनी ताऱ्याभोवती फेर धरलेला दिसतो. पण ताऱ्याच्या अगदी लगत त्याच रेघा एकमेकींना समांतर होऊन साधारण पूर्व-पश्चिम पट्ट्यात आडव्या पडतात. हा पट्टा म्हणजे ताऱ्याभोवतीची धुळीची चकती समजावी का? आणि या रेघा चुंबकीय क्षेत्राची दिशा दाखवतात का?’

अशा नकाशावरची प्रत्येक रेघ त्या ठिकाणाहून आलेल्या प्रकाशाची कंपने मुख्यतः कोणत्या दिशेत आहेत, म्हणजे ध्रुवीकरणाची दिशा, दाखवते. फेर धरलेल्या रेघांचा चुंबकीय क्षेत्राशी संबंध नाही. त्या प्रकाश कोणत्या वाटेने आला एवढेच सांगतात, आणि ते फार खात्रीने सांगतात. आडव्या पट्ट्याविषयी मात्र केवळ रेघांच्या दिशेवरून कोणताही निष्कर्ष काढू नये, कारण निदान तीन निरनिराळ्या कारणांनी तिथे नेमकी तीच दिशा मिळते. या तीन कारणांची गल्लत छापील शोधनिबंधांतही झालेली आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

आधी फेर कसा तयार होतो ते पाहू. त्यासाठी दुर्बीण लागत नाही. ध्रुवीकारक काचांचा गॉगल पुरतो. हिवाळ्यातल्या स्वच्छ संध्याकाळी सूर्य क्षितिजाला टेकत असताना तो गॉगल हातात धरून डोक्यावरच्या आकाशाकडे पाहा आणि काच हळूहळू फिरवा. आकाश एका स्थितीत स्पष्टपणे गडद होते आणि तिथून काटकोनात फिरवल्यावर पुन्हा उजळते. सूर्याच्या जवळच्या आकाशात हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. सूर्यप्रकाश मुळात अध्रुवित असतो. हवेतील रेणूंवर आपटून तो विखुरतो, म्हणजे त्याचे विकिरण होते, आणि काटकोनात वळून आपल्याकडे आलेल्या प्रकाशाची कंपने प्रामुख्याने एकाच दिशेत उरतात. ती दिशा सूर्य, विखुरणारा कण आणि आपला डोळा यांना सामावणाऱ्या प्रतलाला लंब असते. आता सूर्याच्या जागी तारा आणि हवेच्या जागी धुळीचा ढग ठेवा. तेजोमेघातील प्रत्येक ठिकाणची रेघ तारा आणि ते ठिकाण जोडणाऱ्या रेषेला लंब पडते. सगळ्या रेघा एकत्र पाहिल्या की ताऱ्याभोवती वर्तुळे दिसतात.

ध्रुवीकरण किती होईल हेही कोनावर ठरते. कण तरंगलांबीच्या मानाने पुरेसे लहान असतील, तर ९० अंशांत वळलेला प्रकाश जवळजवळ पूर्ण ध्रुवित होतो आणि ४५ अंशांत वळलेला सुमारे ३३ टक्केच. ‘पुरेसे लहान’ ही अटच अवरक्त वेधांचे पहिले कारण आहे. ताऱ्यांमधील धुळीचे कण साधारणपणे ०.२५ मायक्रॉनपर्यंतच्या त्रिज्येचे मानले जातात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). दृश्य प्रकाशाच्या ०.५५ मायक्रॉन तरंगलांबीला यातले मोठे कण लहान ठरत नाहीत. ते प्रकाश बहुतांशी पुढेच ढकलतात आणि त्याचे ध्रुवीकरणही कमी करतात. २.२ मायक्रॉनवर मात्र तेच कण लहान कणांसारखे वागू लागतात, त्यामुळे नकाशा अधिक स्वच्छ येतो आणि त्याचा अर्थ लावणे सोपे जाते.

दुसरे कारण अधिक सरळ आहे. नवजात तारा ज्या ढगातून जन्मला त्याच ढगात गुरफटलेला असतो. तेजस्विता ‘प्रतीं’त मोजतात आणि अडीच प्रतींची घट म्हणजे प्रकाशाचा दहावा भाग उरणे. दृश्य प्रकाशात ३० प्रतींची घट करणारी धूळ समोर असेल, तर मूळ प्रकाशाच्या दहावा भाग, त्याचा दहावा भाग असे बारा वेळा करून जेवढे उरेल तेवढेच आपल्यापर्यंत पोहोचते; म्हणजे काहीच नाही. तीच धूळ २.२ मायक्रॉनवर सुमारे ३.४ प्रतींचीच घट करते, म्हणजे जवळजवळ बाविसावा हिस्सा हाती लागतो. जिथे दृश्य प्रकाशात काळा डाग दिसतो, तिथे अवरक्तात अख्खा तेजोमेघ उभा राहतो.

तेजोमेघ स्वतः प्रकाशत नसून ताऱ्याचा प्रकाश परतवतो, ही कल्पना प्रथम व्ही. एम. स्लायफर यांनी १९१२ साली कृत्तिकांच्या वेधांतून पक्की केली. कृत्तिकांभोवतीच्या अंधुक पसाऱ्याचा वर्णपट त्यांना जवळच्या ताऱ्याच्याच वर्णपटासारखा दिसला. आर मोनोसेरोटिसच्या तेजोमेघाची, म्हणजे एनजीसी २२६१ ची, कथा याहून रंजक आहे. विल्यम हर्शेल यांनी तो १७८३ मध्ये नोंदवला आणि एडविन हबल यांनी १९१६ मध्ये दाखवून दिले की त्याचे रूप बदलते. ताऱ्याजवळून सरकणाऱ्या धुळीच्या ढगांच्या सावल्या पंख्यासारख्या पसरलेल्या तेजोमेघावर पडतात, म्हणून काही आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन छायाचित्रांतही फरक दिसतो. पालोमार येथील २०० इंची दुर्बिणीचे पहिले अधिकृत छायाचित्र जानेवारी १९४९ मध्ये हबल यांनी याच तेजोमेघाचे घेतले. सावलीचा हा खेळ लक्षात ठेवावा, कारण तुम्ही पाहिलेल्या नकाशाचे उत्तर त्याच्याशी जोडलेले आहे: पंखा हा बहुतेक ठिकाणी निव्वळ पडदा आहे आणि दिवा ताऱ्याच्या जागी आहे.

रेघांवरून दिवा शोधण्याची ही रीत मला या विषयातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते, आणि तिचे उत्तम उदाहरण आपल्या ओळखीच्या मृग नक्षत्रात आहे. मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाच्या तीन ताऱ्यांखाली जी अंधुक तिकडी दिसते, तिच्या मधल्या ठिपक्याशी मृगाचा प्रसिद्ध तेजोमेघ आहे. त्याच्या मागे, आपल्यापासून सुमारे १,३५० प्रकाशवर्षांवर, ताऱ्यांना जन्म देणारा घनदाट ढग आहे. त्यात बेकलिन आणि नॉयगेबाउअर यांना एक तेजस्वी अवरक्त स्रोत सापडला, तर क्लाइनमन आणि लो यांना त्याच्या शेजारी दीर्घ अवरक्तात चमकणारा पसारा सापडला. दोन्ही निष्कर्ष १९६७ साली प्रसिद्ध झाले. पुढे या पसाऱ्यात अनेक ठळक गाठी दिसल्या आणि प्रत्येक गाठ म्हणजे एक नवजात तारा असावा, असा समज होणे स्वाभाविक होते. १९८३ मध्ये वर्नर, डिनरस्टाइन आणि कॅप्स यांनी ३.८ मायक्रॉनवर या गाठींचे ध्रुवीकरण मोजले. प्रत्येक गाठीच्या रेघेवर लंब टाकून तो मागे वाढवला, तर कित्येक लंब एकाच जागी, आयआरसी-२ या स्रोतापाशी, जाऊन मिळत होते. म्हणजे त्या गाठींपैकी काही तारे नव्हतेच. त्या दुसऱ्याच्या प्रकाशात उजळलेल्या धुळीच्या भिंती होत्या. नंतरच्या अधिक बारीक वेधांनी मूळ दिवा आयआरसी-२ पासूनही किंचित बाजूला, एका कोनसेकंदाहून कमी अंतरावर, रेडिओ लहरींत दिसणाऱ्या आणि धुळीने पूर्ण झाकलेल्या स्रोतात असल्याचे सुचवले. जो तारा कोणत्याही अवरक्त चित्रात थेट दिसत नाही, त्याची जागा परावर्तित प्रकाशाच्या रेघांनी दाखवून द्यावी, हे या पद्धतीचे खरे सामर्थ्य आहे.

आता आडव्या पट्ट्याकडे वळू.

पहिले कारण धुळीच्या चाळणीचे. १९४९ मध्ये हिल्टनर आणि हॉल यांनी दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश वाटेत ध्रुवित होत असल्याचे दाखवले. लांबट धूलिकण चुंबकीय क्षेत्रामुळे, आपली लांबी क्षेत्राला लंब ठेवून, एका दिशेने रांगेत लागतात आणि आपल्या लांबीच्या दिशेतील कंपने अधिक शोषून घेतात. त्यामुळे पार झालेल्या प्रकाशाची रेघ क्षेत्राला समांतर राहते. ताऱ्याभोवतीच्या चकतीत चुंबकीय क्षेत्र कड्यासारखे गुंडाळलेले असेल आणि चकती आपल्याला कडेने दिसत असेल, तर तिच्यातून गाळून आलेल्या प्रकाशाच्या रेघा चकतीच्या प्रतलात, म्हणजे आडव्या पडतील.

दुसरे कारण दोनदा विखुरण्याचे, जे बास्तियाँ आणि मेनार यांनी १९८८ मध्ये नीट मांडले. घनदाट चकतीच्या बाहेरच्या भागापर्यंत ताऱ्याचा प्रकाश थेट पोहोचत नाही. तो आधी ध्रुवांच्या दिशेने मोकळ्या पोकळीत जातो, तिथल्या धुळीवर विखुरतो आणि मग वरून किंवा खालून चकतीवर पडून दुसऱ्यांदा विखुरत आपल्याकडे येतो. चकतीच्या दृष्टीने आता दिवा वर आणि खाली आहे. म्हणून तिच्यावरच्या रेघा त्या अक्षाला लंब, म्हणजे पुन्हा आडव्याच. इथे चुंबकीय क्षेत्राची गरजच लागत नाही. कण अगदी गोल असले तरी चालते.

तिसऱ्या कारणाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, आणि माझ्या मते तपासणीची सुरुवात तिथूनच झाली पाहिजे. वातावरणाच्या हालचालीमुळे प्रत्येक बिंदूचा प्रकाश थोडा पसरतो. ताऱ्याच्या उत्तरेला आणि दक्षिणेला तेजोमेघाचे दोन उजळ भाग असतील, तर तिथल्या फेरातल्या रेघा आपोआप आडव्या असतात. हा प्रखर, ध्रुवित प्रकाश पसरून मधल्या अंधाऱ्या पट्ट्यात सांडला की तिथेही आडव्या रेघा दिसू लागतात. चकतीचे स्वतःचे ध्रुवीकरण काहीही असो, नकाशा मात्र चकतीसारखा दिसतो.

तिन्ही कारणांची दिशा एकच असल्यामुळे निवाडा इतर पुराव्यांवर करावा लागतो. पहिला पुरावा शून्यबिंदूंचा. ताऱ्याच्या पूर्वेला आणि पश्चिमेला फेरातल्या रेघा उभ्या असतात, तर पट्ट्यातल्या रेघा आडव्या. जिथे पट्टा संपून फेर सुरू होतो तिथे उभे आणि आडवे ध्रुवीकरण एकमेकांना खोडून काढते आणि दोन ठिकाणी ध्रुवीकरण शून्यावर येते. या दोन बिंदूंमधले अंतर हीच चकतीची रुंदी, असे बऱ्याचदा मानले गेले. ते घातक आहे. आकाश अस्थिर असलेल्या रात्री हेच अंतर वाढते, आणि चकती काही एका रात्रीत वाढत नाही. म्हणून तोच तेजोमेघ वातावरणाबाहेरच्या दुर्बिणीने किंवा अनुकूली प्रकाशिकी, म्हणजे वातावरणाची थरथर तत्काळ भरून काढणारी यंत्रणा, असलेल्या मोठ्या दुर्बिणीने पाहिल्यावर पट्टा टिकतो का, हे पाहावे. टिकला, तर १.२५ मायक्रॉन आणि २.२ मायक्रॉन यांची तुलना करावी. तरंगलांबी वाढली की धूळ अधिक पारदर्शक होते, त्यामुळे दोनदा विखुरल्याने झालेला पट्टा आत आक्रसला पाहिजे.

दुसरा पुरावा वर्णपटातला आहे आणि तो चाळणीच्या बाजूने निर्णायक ठरू शकतो. धूलिकणांवर साचलेला बर्फ ३.१ मायक्रॉनजवळ आणि सिलिकेट ९.७ मायक्रॉनजवळ प्रकाश जोरात शोषतात. ध्रुवीकरण रांगेत लागलेल्या कणांच्या शोषणामुळे झाले असेल, तर नेमक्या याच तरंगलांब्यांवर ते वाढले पाहिजे. मृगातील बेकलिन-नॉयगेबाउअर स्रोतात ते तसे वाढलेले मोजले गेले आहे. म्हणून त्या स्रोताची स्वतःची रेघ चुंबकीय क्षेत्राची दिशा सांगते असे निःशंक म्हणता येते, जरी त्याच्या आजूबाजूच्या तेजोमेघातल्या रेघा तसे सांगत नसल्या तरी. एकाच नकाशात काही रेघा क्षेत्राच्या आणि काही वाटेच्या असू शकतात, हे वाचकाने सतत मनात ठेवावे लागते. त्यात आणखी एक खाचखळगा आहे: दूर अवरक्तात धूळ प्रकाश शोषत नाही, तर स्वतःच उत्सर्जित करते, आणि तेव्हा रेघ क्षेत्राला समांतर न राहता लंब होते. सोफिया या विमानातील वेधशाळेने ५३ ते २१४ मायक्रॉनवर घेतलेले मृगाचे नकाशे वाचताना रेघा ९० अंशांनी फिरवून मगच क्षेत्र काढतात. २.२ मायक्रॉनच्या नकाशाशेजारी असा नकाशा ठेवताना हे विसरले, तर सगळा अर्थ आडवा-उभा होतो.

तिसरा पुरावा वर्तुळाकार ध्रुवीकरणाचा, म्हणजे ज्यात कंपनाची दिशा एका रेषेत न राहता सतत गोल फिरत असते त्याचा. अध्रुवित प्रकाश गोल कणावरून एकदा विखुरला तर ते मुळीच तयार होत नाही आणि अनेकदा विखुरला तरी थोडेच होते. रांगेत लागलेले लांबट कण असतील तरच ते मोठ्या प्रमाणात दिसते. १९९८ मध्ये बेली आणि सहकाऱ्यांनी मृगातील याच ढगात अवरक्त प्रकाशाचे वर्तुळाकार ध्रुवीकरण १७ टक्क्यांपर्यंत असल्याचे प्रसिद्ध केले. या शोधाला आणखी एक पदर आहे. २८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे पडलेल्या अशनीत, पृथ्वीवरील सजीवांत न आढळणाऱ्या काही ॲमिनो आम्लांमध्येही डाव्या घडणीच्या रेणूंचे प्रमाण थोडे जास्त आढळले. सूर्याच्या जन्माच्या वेळी अशाच एखाद्या ढगातील वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशाने उजव्या घडणीचे रेणू किंचित अधिक मोडले असतील का, असा प्रश्न त्यामुळे गांभीर्याने विचारला जातो. मी स्वतः इथे सावध राहतो: रेणू मोडण्यासाठी अतिनील प्रकाश लागतो आणि मोजमाप अवरक्तातले आहे, कारण अतिनील प्रकाश त्या धुळीतून आपल्यापर्यंत येतच नाही.

नकाशा स्वतः तयार करणार असाल, तर मोजमापाविषयी काही सांगणे आवश्यक आहे. अर्धतरंग पट्टिका, म्हणजे ध्रुवीकरणाची दिशा फिरवणारी पारदर्शक चकती, ०, ४५, २२.५ आणि ६७.५ अंशांवर ठेवून चार चित्रे घेतात. पट्टिका जेवढी फिरते त्याच्या दुप्पट ध्रुवीकरणाची दिशा फिरते. विद्यार्थीदशेत मी पट्टिका फिरण्याची दिशा उलटी धरली होती. नकाशात उत्तर, दक्षिण, पूर्व आणि पश्चिम या चारही दिशांना रेघा अगदी बरोबर फेरात होत्या, पण ईशान्य, आग्नेय अशा तिरक्या दिशांना त्या थेट ताऱ्याकडे रोखलेल्या होत्या. मी दोन दिवस त्यात विचित्र चुंबकीय क्षेत्र शोधत बसलो. चूक केवळ एका चिन्हाची होती. तेव्हापासून मी कोणत्याही नकाशात आधी तिरक्या दिशा तपासतो. दिशेचा शून्य चुकीचा धरला गेला असेल, तर वर्तुळांऐवजी सर्पिल दिसते, आणि सगळ्या तेजोमेघभर एकसारखे सर्पिल दिसले तर ते निसर्गाचे नसून प्रमाण ताऱ्याच्या (ज्याची ध्रुवीकरणाची दिशा आधीच माहीत आहे अशा ताऱ्याच्या) वेधातल्या चुकीचे असण्याची शक्यता अधिक. म्हणजे बाहेरचा फेर हा उपकरणाची परीक्षा घेणारा फुकटचा मानदंड आहे.

ध्रुवीकरणाची टक्केवारी कधी ऋण येत नाही, त्यामुळे निव्वळ गोंगाटातूनही खोटे ध्रुवीकरण उभे राहते. मोजलेल्या मूल्याच्या वर्गातून त्रुटीचा वर्ग वजा करून वर्गमूळ काढल्याशिवाय अंधुक भागातल्या रेघा छापू नयेत. मूल्य त्रुटीच्या तिप्पट असेल तेव्हाही दिशेत सुमारे ९.५ अंशांची अनिश्चितता राहते. तेवढ्या ढिल्या रेघांवर लंब टाकून दिवा शोधला, तर तो तेजोमेघात कुठेही सापडू शकेल. शिवाय अवरक्तात रात्रीचे आकाश स्वतःच चमकते आणि ती चमक काही मिनिटांत बदलते, म्हणून तेजोमेघाचे आणि शेजारच्या रिकाम्या आकाशाचे वेध आलटून पालटून घ्यावे लागतात.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना सुरुवात करण्यासाठी अवरक्त उपकरणाची वाट पाहण्याचे कारण नाही. जुन्नरजवळ गिरवली येथे आयुका या पुण्यातील खगोलशास्त्र संस्थेची २ मीटर व्यासाची दुर्बीण आहे आणि तिच्यावरील उपकरणात ध्रुवीकरण मोजण्याची सोय आहे. ती दृश्य प्रकाशात असली, तरी ज्यांच्यासमोर धूळ विरळ आहे अशा तेजोमेघांत फेर, लंब आणि शून्यबिंदू हे सगळे तिथेही शिकता येते.

तुमच्या नकाशाबद्दल नेमके सांगायचे तर असे करा. आर मोनोसेरोटिसच्या पंख्यातील, ताऱ्यापासून दूरच्या आणि मूल्य त्रुटीच्या पाचपटीहून अधिक असलेल्या रेघाच फक्त निवडा, त्यांच्यावर लंब टाका आणि ते नेमके ताऱ्यावर मिळतात का ते पाहा. त्यानंतर त्याच रात्री घेतलेल्या एखाद्या एकट्या ताऱ्याचे चित्र किती पसरले आहे ते मोजा. पट्ट्याची उत्तर-दक्षिण जाडी त्या पसाऱ्याएवढीच भरली, तर पट्ट्याला सध्या चकती म्हणू नका. ती स्पष्टपणे जास्त भरली, तर १.२५ आणि २.२ मायक्रॉनचे नकाशे शेजारी ठेवून दोन्हींतल्या शून्यबिंदूंमधले अंतर मोजा. चुंबकीय क्षेत्राविषयीचे वाक्य मात्र ३.१ मायक्रॉनचे किंवा वर्तुळाकार ध्रुवीकरणाचे मोजमाप हाती येईपर्यंत लिहू नका.